पुलापलीकडची गाडी

नवा फौजदार पहिल्याच दिवशी चुकला. पोलिसांची गाडी घेऊन तो थेट आदिवासी वस्तीच्या पुलावर आला, आणि समोर एक मुलगी सायकल आडवी घालून उभी राहिली.

"गाडी मागे घ्या."

"बाई, मी इथला फौजदार आहे."

"माहीत आहे. मी तुमची शिपाई." तिने पिशवीतून गणवेशाची बाही जराशी बाहेर काढून दाखवली. "गाडी पुलापलीकडे राहते. वस्तीत चालत यायचं."

"कुणाचा हुकूम?"

"वस्तीचा."

तो हसला. हसताना डाव्या गालावर खळी पडली... आणि तिने उगाचच सायकलची घंटी पुसली.

वस्तीतलंच माणूस शिपाई नेमायचं, गस्त पायी घालायची, भांडण आधी वस्तीच्या बैठकीत न्यायचं, ही चौकीची रीत दोन वर्षांपूर्वी ठरली होती. त्याआधी नुसती गाडी यायची. अशाच एका दुपारी गाडीने तिच्या बाबांना उचललं होतं, दुसऱ्याच कुणाच्या चोरीसाठी. सुटून आले ते दीड वर्षाने. तेव्हापासून इंजिनाचा आवाज आला की बाबा आतून कडी घालत. लेक पोलिसात आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ती कपडे चौकीत बदलायची. त्या विषयावर घरात दोघंही मूग गिळून गप्प असत.

फौजदार चालायला शिकला. आधी पायाला फोड आले, मग कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाचं नुसतंच भुंकतं हेही कळायला लागलं.

"फार हळू चालता हो साहेब," एकदा ती म्हणाली.

"मुद्दाम."

"का?"

"चौकी लवकर येते म्हणून..."

तिचे कान तापले. ती झपाझप पुढे निघाली.

मग ती तापाने पडली. चौथ्या दिवशी दुपारी अंगणात इंजिन घरघरलं, आणि बाबांच्या हातातलं भांडं खाली पडलं. पटापट कड्या लागल्या, त्यांच्या घरच्या आणि शेजारच्याही. ती कशीबशी खिडकीशी आली. बाहेर फौजदार औषधाची पुडी घेऊन उभा होता.

"काळजी वाटली," तो म्हणाला. "भानच राहिलं नाही."

"बाबा कोपऱ्यात बसून थरथरतायत, साहेब. तुम्ही जा."

त्याचा चेहरा पार उतरला. खिडकी लावून ती रडली. परक्याने हे केलं असतं तर तिने नुसत्या शिव्या घातल्या असत्या. हा परका राहिला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो चालत आला, साध्या कपड्यांत. दार वाजवलं नाही. तासभर पायरीवर बसला आणि गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा अटक करायला बसतो का करून घ्यायला?"

नवव्या दिवशी कडी निघाली.

"गाडी कुठाय?" बाबांनी विचारलं.

"पुलापलीकडे."

"किल्ली?"

त्याने खिशातून किल्ली काढून बाबांच्या हातावर ठेवली. "तुमच्याकडेच राहू द्या. गाडी कधी आत आणायची ते वस्तीने ठरवायचं. वर तसं लेखी कळवलंय."

"आणि तुला लागली तर?"

"मागायला येईन."

"रोज लागते?"

फौजदाराने बाबांच्या खांद्यावरून आत पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती. "आता... रोजच लागेल असं वाटतंय."

बाबांनी किल्ली खुंटीला अडकवली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "उद्या कपडे घरूनच घालून जा. मलाही बघू दे."

सकाळी त्यांनी तिची कॉलर सरळ केली. एकदा नाही, दोनदा. ती पुलावर आली तेव्हा तो गाडीला टेकून उभा होता.

"किल्ली?"

"आज मिळायची नाही. बाबा म्हणाले, जेवायला ये, मग बघू."

तो गाडीपासून बाजूला झाला. मग हळूच म्हणाला, "मला तुम्ही आवडता. हे खरं तर तुम्हाला आधी सांगायला हवं होतं... बाबांच्या आधी."

"उलटं काम केलंत, साहेब," ती म्हणाली, आणि गस्तीच्या वाटेला लागली. "चला. आज मीही हळूच चालणार आहे."