खिडकीजवळचं नाव

आमच्या ऑफिसात चाळीस संगणक. त्यांच्यात निरोपांची ने-आण करणारा सर्व्हर मी लिहिला होता. कोणी संगणक सुरू केला की सर्व्हर त्याच्यासाठी एक वेगळा थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, उघडायचा. तो थ्रेड त्या एकट्याचंच ऐकत बसायचा. माणूस उठून गेला, जोडणी तुटली, की थ्रेड संपवून यादीतून त्याच्या जागेचं नाव काढायचं. तेवढंच नीट होत नव्हतं. गेलेली माणसं यादीत तशीच राहायची. म्हणून एका सकाळी दुरुस्तीला बसले.

बारापर्यंत जमलं. कोणाचीही वायर उपटा, नाव लगेच गळायचं. एक सोडून. 'खिडकीजवळ'.

तिथे पूर्वी माझ्या नवऱ्याची पहिली बायको बसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा संगणक भंगारात गेला होता. आणि सर्व्हर मी गेल्या वर्षी लिहिला.

"असेल काहीतरी जुनं," नवरा म्हणाला. तो समोरच्याच टेबलावर नकाशे काढायचा. "राहू दे ना. तुझं काय खातंय ते?"

'राहू दे' म्हणताना त्याचा आवाज किती मऊ झाला! गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये, एवढं मला कळत होतं. कळून उपयोग काय?

मी त्या थ्रेडवरचे निरोप उघडले. रोज सव्वा वाजता, नवऱ्याच्या संगणकावरून: 'जेवलीस?'

तुटलेल्या जोडणीवर काही पाठवलं तर ते परत यायला हवं. इथे उत्तर यायचं: 'तुझ्याशिवाय कधी जेवलेय?'

मला त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

मी लिहिलं, 'कोण आहेस?'

लगेच आलं, 'तू कोण?'

मी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. यादी कोरी. पहिलं नाव तिचंच आलं.

मग मी तो थ्रेड स्वतःच्या हाताने मारला. ओळ उमटली: जोडणी बंद. नाव गेलं. दहा मिनिटं पाहिलं, परत आलं नाही.

मला हसू फुटलं. नवऱ्याच्या टेबलापाशी गेले. "चल रे, आज बरोबर जेवू."

त्याने नकाशावरून मान वर केली. चेहऱ्यावर ना राग, ना चेष्टा. अदबीने उठून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना. माझ्या बायकोकडे काम होतं का आपलं? ती येतेच आहे."