लाम्बिसच्या टॅक्सीतलं घड्याळ

माझा चाळिसावा माणूस त्याच्या टॅक्सीत बसला होता.

एप्रिलची सकाळ होती. काताकोलोच्या धक्क्यावर भुरभुर पाऊस चालू होता. पर्यटकांच्या मोठ्या बोटीतून उतरलेली माझ्या बसची माणसं मी मोजली, एकोणचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा एकोणचाळीस! चौदा नंबरची पाटी उंच धरून मी फाटकापर्यंत धावत गेले. तिथं एका जुनाट करड्या टॅक्सीत, पुढच्या सीटवर, निळा रेनकोट घातलेल्या माझ्या म्हाताऱ्या बाई निवांत संत्रं सोलत होत्या. आणि टॅक्सीला टेकून, पावसाचं काहीच न वाटल्यासारखा, तो उभा होता...

"या बाई माझ्या आहेत," मी म्हणाले.

"असं? कशावरून?"

"छातीवर चिकटवलंय बघ. चौदा नंबर."

त्यानं वाकून ती चिकटपट्टी वाचली. "मला वाटलं, वय लिहिलंय."

बाई लाजल्या. चक्क लाजल्या! मला हसू आलं आणि ते लपवायला मी पाटी तोंडासमोर धरली.

"पाटी जरा खाली घे," तो म्हणाला, "कोण ओरडतंय ते तरी दिसू दे."

तो लाम्बिस. आणि मी आर्गिरो, बोटीच्या सहलींची गाइड. एकाच फाटकाच्या दोन बाजूंना इतकी वर्षं काढूनही आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. बाईंना हाताला धरून बाहेर काढताना माझं लक्ष टॅक्सीतल्या काट्यांच्या घड्याळाकडे गेलं. ते चांगलं अर्धा तास पुढे होतं.

"घड्याळ चुकलंय तुझं."

"चुकलेलं नाही. मुद्दाम पुढे ठेवलंय." त्यानं खिडकीची काच पुसली. "तुझी मेंढरं उशिरा आली तर बोट थांबते. माझ्या माणसांसाठी कोण थांबणार?"

हे खरं होतं. आमच्या गावात हाच वाद रोज सकाळी फाटकापाशी चालतो. बोटीची सहल घेतली तर पाटीमागून कळपानं चालायचं, पण बसचं चाक पंक्चर झालं तरी बोट तुम्हाला सोडून जात नाही. आपलं आपण फिरायचं तर मन मानेल तिथं जा, मात्र पाच मिनिटं उशीर झाला की बोट गेली. नवरे एक म्हणतात, बायका दुसरं. मी वादाच्या एका बाजूला उभी असायचे, लाम्बिस दुसऱ्या. मधे लोखंडी फाटक.

पण तो उन्हाळा... त्या फाटकालाच काय ते माहीत!

बोट लागली की मी पाटी घेऊन यायचे आणि आधी करडी टॅक्सी शोधायचे. मग ती दिसली नाही असं दाखवायचे. तो मोठ्यानं विचारायचा, "आज किती मेंढरं?" मी म्हणायचे, "चाळीस. तुझी किती? की आजही माशा मारतोयस?" जूनमध्ये त्यानं माझ्या पाटीच्या दांड्याला तुळशीची डहाळी बांधली. दिवसभर ऑलिंपियाच्या पडक्या खांबांमधून मी तो वास मिरवत फिरले आणि दोनदा देवाचं नाव चुकले. ऑगस्टमध्ये कागदात अंजिरं आली. एक खाल्लेलं होतं.

"हे काय?"

"गोड आहेत का बघितलं. तुला आंबट कसं देणार?"

"बाकीची न खाताच गोड निघाली?"

"तुला द्यायची म्हणून निघाली असतील," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. असा बोलघेवडा माणूस, पण खरं बोलला की कान लाल.

सप्टेंबरमध्ये, बोट नसलेल्या एका दुपारी, आम्ही धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलो होतो. त्यानं आईची गोष्ट सांगितली. आई पोर्तुगालची, ग्रासा. बोटीवर केस कापायची. एक दिवस सुट्टी मिळाली म्हणून लाम्बिसच्या बापाच्या टॅक्सीत बसून फिरायला गेली. येताना टॅक्सी बंद पडली. बोट गेली. वर्षभरात लग्न झालं.

"किती गोड," मी म्हणाले.

"टॅक्सी बंद पडली नव्हती." तो पाण्याकडे बघत होता. "बाप मरताना बोलला. आईला पहिल्यापासून माहीत होतं म्हणे. ती कधी भांडली नाही, उलट चारचौघांत हसून सांगायची. पण बोटीचा भोंगा झाला की हातातलं काम टाकून बाल्कनीत यायची. तीस वर्षं. मी विचारायचो, काय बघतेस? म्हणायची, किती वाजले ते."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मग त्या घड्याळाबद्दल मी पुन्हा कधी थट्टा केली नाही.

आणि मग माझं पत्र आलं.

अर्ज मी जानेवारीतच केला होता, त्याच्याशी ओळख व्हायच्या आधी. बोटीवरच्या सहलींच्या टेबलावर नोकरी, नऊ महिन्यांची. जेनोआ, माल्टा, बार्सिलोना... आठ वर्षं मी परक्या माणसांना माझं गाव दाखवत होते आणि स्वतः जवळच्या पात्रा शहराच्या पलीकडे गेले नव्हते. रोज संध्याकाळी बोटीला हात हलवून घरी जायचं, मसूर शिजवायचा. मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जायचं होतं. आणि लाम्बिसला सोडून एक पाऊल टाकायचं नव्हतं. दोन्ही एकाच छातीत कसं मावत होतं कोण जाणे.

पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो "राहा" म्हणेल म्हणून त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

"जा की," तो म्हणाला.

एवढंच. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही, का म्हणून.

हंगामातली शेवटची बोट नोव्हेंबरात आली. त्याच बोटीवर मला पाच वाजता हजर व्हायचं होतं, बोट सहाला सुटणार होती. सकाळी लाम्बिस दाराशी आला. टोपी हातात, दाढी केलेली.

"आठ वर्षं पाटी घेऊन फिरलीस," तो म्हणाला. "आज एक दिवस पाटीशिवाय चल. कुठं जायचं ते ठरवलेलं नाही."

मी मनगटावरचं घड्याळ काढून बॅगेत टाकलं आणि त्याच्या शेजारी बसले.

तो दिवस मी कुणाला देणार नाही. ऑलिव्हच्या बागांमध्ये झाडांखाली जाळ्या अंथरल्या होत्या, माणसं काठ्यांनी फांद्या झोडपत होती. आम्ही उतरून तासभर त्यांच्यात ऑलिव्ह वेचले, कुणाची बाग तेही न विचारता. त्यांनी आम्हाला नवरा-बायको समजून भाकरी दिली. आम्ही दोघांनीही ती चूक दुरुस्त केली नाही. मग पाऊस आला. मग बंद झालेल्या एका किनाऱ्यावर, खुर्च्या उलट्या रचलेल्या खानावळीपाशी, तो म्हणाला, "थांब, आत म्हातारा असतो, मासे तळून मागतो."

तो आत गेला. मी टॅक्सीत एकटी. काचेवरून पाणी ओघळत होतं. समोरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं, म्हणजे खरे चार.

मी हात पुढे केला आणि ती बारीक फिरकी फिरवली. काटे मागे, मागे... तीनवर. खऱ्या वेळेच्याही तासभर मागे. बोट चुकेल. कुणी कुणाला राहा म्हणायला नको, कुणी राहते म्हणायला नको. मी हात मागे घेतला आणि खानावळीच्या दाराकडे बघत राहिले.

तो कागदात गरम मासे घेऊन आला, लिंबाचा वास सगळ्या टॅक्सीत पसरला. बसता बसता त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मासे त्यानं अलगद माझ्या मांडीवर ठेवले आणि चावी फिरवली.

"खाऊन तर घे," मी म्हणाले. "अजून खूप वेळ आहे."

"हो," तो म्हणाला, आणि गाडी धक्क्याच्या रस्त्याला लावली.

वाटभर मी मासे दोन्ही हातांनी धरून ठेवले. फाटकापाशी पोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. बोट समोर उभी होती, पांढरी, सगळे दिवे लावलेली.

"काटे तू फिरवलेस," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"बोट चुकली असती. कुणाचाच दोष नसता."

"माझा बापही मरताना हेच म्हणाला." आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "आणि आई बाल्कनीत यायची."

"मी तुझी आई नाही, लाम्बिस."

"नाहीस ना? मग तोंडानं सांग. जायचं नाही म्हण. ही बघ, गाडी वळवतो."

त्यानं खरंच हात गिअरवर ठेवला. मी तोंड उघडलं. बोट समोर होती, माल्टा, बार्सिलोना... आणि शेजारी तो, दाढी केलेला.

"तू विचार ना," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "एकदा विचार, राहतेस का म्हणून."

"विचारलं तर राहशील तू."

"मग?"

"मग भोंगा झाला की मी तुझ्या तोंडाकडे बघणार. रोज. ते माझ्याच्यानं होणार नाही, आर्गिरो."

त्याचे कान लाल झाले होते. मी हात पुढे केला, निदान घड्याळ तरी पुन्हा पुढे करून द्यावं म्हणून. त्यानं नुसत्या भुवया वर उडवल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. परक्या माणसांना ते हो वाटतं, मीच त्यांना शिकवायचे.

"राहू दे," तो म्हणाला.

टॅक्सी चालवायला लागल्यापासून अकरा वर्षांत त्याचं एकही माणूस धक्क्यावर मागे राहिलं नव्हतं. माझ्यापायीही ते त्यानं मोडलं नाही. त्या रात्रीच्या जेवणाला मी गेले नाही. केबिनमध्ये बसून गार झालेले मासे खाल्ले, काट्यांसकट.

मी माल्टा पाहिलं. बार्सिलोना पाहिलं. सुंदर आहेत, कुणी विचारलं तर मी मनापासून सांगते. टेबलाशी रोज तोच प्रश्न येतो: आमचे आम्ही गेलो आणि उशीर झाला, तर बोट थांबेल का? मी म्हणते, नाही. आजवर हे उत्तर देताना माझा आवाज एकदाही साधा निघालेला नाही.

एप्रिलमध्ये बोट पुन्हा काताकोलोला लागली. दुपारी मला चार तास सुट्टी मिळत होती. मी ती घेतली नाही. भीती वाटली. तो ओळख न दाखवता हसेल याची, आणि ओळख दाखवून हसेल याचीही. टेबलाशी एक वयस्कर जोडपं उभं होतं, सहल घ्यावी की नाही यावर कुजबुजत भांडत होतं.

"सहल नको," मी म्हणाले. कामावर असताना असं बोलायचं नसतं. "फाटकाबाहेर एक करडी टॅक्सी असेल. घड्याळ पुढे आहे, पण ते तुमच्या भल्यासाठी. बिनधास्त बसा."

साडेपाचला ती दोघं परत आली. भिजलेली, खूश, हातात संत्री.

"तुमचं त्या घड्याळाचं काहीतरी चुकलं हं," बाई म्हणाल्या. "पुढे कुठलं? चांगलं दोन तास मागे होतं. मी तर घाबरलेच. पण त्यानं स्वतःच्या मनगटाकडे बघून अगदी वेळेत आणलं."

"यांनी दुरुस्त करून देतो म्हटलं," त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, "तर त्यानं भुवया उडवल्या. आम्हाला वाटलं, हो म्हणतोय. हे हात लावायला गेले तर त्यानं यांचा हातच धरला."

दोन तास. एक मी फिरवलेला. दुसरा मार्चअखेरचा, आमचा सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो तेव्हाचा. तेव्हाही त्यानं त्या काट्यांना हात लावला नव्हता.

मी टेबल सोडून वर डेकवर धावले. खलाशी शिडी आत ओढत होते. पाऊस भुरभुरत होता. फाटकापाशी करडी टॅक्सी उभी होती, आणि तिला टेकून, पावसाचं काहीच न वाटल्यासारखा, तो. मी हात वर केला. एवढ्या माणसांत त्याला तो दिसला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

भोंगा झाला. बोट सहाला सुटली. त्याच्या टॅक्सीत तेव्हा चार वाजले होते. चार वाजता मासे अजून गरम होते, आणि मी अजून काहीच बोलले नव्हते.