तिसऱ्यांदा निवडलेले तांदूळ

“बाई गं, खडे कवाचे संपले. अजून निवडशील तं तांदूळही नाही उरायचे!” शेजारच्या बेबीताई अंजनीच्या कानाशी पुटपुटल्या.

अंजनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेच तांदूळ ती तिसऱ्यांदा निवडत होती. त्याआधी धुतलेले पेले पुन्हा धुऊन झाले होते, सतरंज्या दोनदा झटकून झाल्या होत्या. कांचघर मोहल्ल्याच्या विहारात बुद्ध पौर्णिमेची खीर शिजायची, म्हणजे कामाला तोटा नव्हताच. पण तिच्या एवढ्या कामसूपणाचं कारण बाहेर शिडीवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होतं. दिवाकर! माळा लावायला नेमका हाच यावा...

महिन्यापूर्वी नेपियर टाउनात, टायपिंगच्या क्लासनंतर, दोघं उसाचा रस पीत उभे होते. अचानक समोर तिचा मोठा भाऊ, तुळशीराम. अंजनीची जीभ घाबरली आणि बोलून गेली, “मी नाही ओळखत ह्यांना, दादा. रोज मागं येतात.” वर्षभराची ओळख, अन् एका दमात तो लोफर ठरला. भर चौकात दिवाकरनं दोन थपडा खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही.

ताटावर सावली पडली.

“पाणी मिळेल?”

“माठ तिकडे आहे... मला काम आहे.”

“दिसून राहिलं ना.” तो समोर बसला, चार दाणे बोटांनी सारले. “मलाही शिकव. तुझी आठवण आली की करायला काहीतरी पाहिजे.”

अंजनीचे कान तापले. मान खालीच.

“गाल... दुखतो का अजून?”

“कोणता? दोन्हीवर पडल्या होत्या.”

“हसू नका ना!”

“मग काय करू? तू तर बघतही नाही. बघ एकदा — मी नाही मारत.”

तिनं पाहिलं. एवढंच तर करायचं होतं, अन् त्यालाच महिना लागला.

“हा इथं काहून?” दुधाचं पातेलं घेऊन आलेला तुळशीराम दारातच थबकला. “ए भैया, इथं बाया काम करून राहिल्या. चलो, बाहेर!”

बेबीताईंनी घाईघाईनं वेलची सोलायला घेतली. कोणाला चूल आठवली, कोणाला सरपण. खरं काय ते अर्ध्या मोहल्ल्याला माहीत होतं.

दिवाकर उठला. शांतपणे चपला पायात सरकवल्या... आणि अंजनीला कळलं, हा आता गेला तर परत यायचा नाही.

तिनं ताट बाजूला सारलं. उभी राहिली.

“दादा, त्यांना काही म्हणू नको. खोटं मी बोलले होते. ते माझ्या मागं नाही यायचे — मीच रोज त्यांची वाट पाहत थांबायची. मला आवडतात ते.”