आतलं टायर

उद्या टायर बदलायला जाताय ना तुम्ही दोघं? गाडी वजनकाट्यावर घालून आणलीत का? नाही?

मग बसा जरा. अडवत नाही रे, मोटरहोम तुमचीच आहे. पण काकाने बत्तीस वर्षं टायरच्या दुकानात काढलीत, त्याचं एकदा ऐकून घे.

ही गोष्ट माझ्या भागीदाराची. आम्ही त्याला मुकादम म्हणायचो, कारण काम मी करायचो आणि हुकूम तो सोडायचा. हस सूनबाई, हसण्यासारखं तेवढंच आहे यात.

एक घड्याळजी आणि त्याची बायको आमच्याकडे आले. राहतं घर विकून त्यांनी मोटरहोम घेतली होती, त्यातच राहायचे. मागे तुमच्यासारखीच जोडटायरं, एका बाजूला दोन. मुक्काम हलवायच्या आधी बाई खाली उतरायची, लाकडी हातोडीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकायची, आणि हवा ठीक वाटली की त्यावर खडूने फुली मारायची. पुढची दोन, मागची चार. आतल्या टायरपर्यंत पोचायला तिला पार गुडघ्यांवर बसावं लागे.

"हिचे गुडघे गेलेत हो," घड्याळजी म्हणाला. "मागे एकेकच रुंद टायर बसवा. ते आतलं टायरच नको."

बाईनं एवढंच विचारलं, "जोडीतलं एक फुटलं तर दुसरं गाडी धरून ठेवतं. आता कोण धरणार?"

"फुटेल कशाला, ताई?" मुकादम म्हणाला.

रुंद टायर वाईट नसतं बरं का. पण सामानासकट गाडीचं वजन करायचं आणि ते पेलणारंच टायर घ्यायचं. काटा त्या दिवशी बंद होता. मुकादमानं गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय." मी खाली बसून नट आवळत होतो. मला कळत होतं... मी बोललो नाही.

अकराव्या दिवशी, उतारावर, मागचं उजवं फुटलं. घड्याळजी वाचला.

तो एकटाच.

पुढचं वर्ष. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. जेवल्यावर मुकादमाला आठवलं की हवेचा कॉम्प्रेसर चालूच राहिलाय. बंद करायला तो दुकानात गेला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. आवारात एक मोटरहोम उभी होती, गिऱ्हाईक सकाळी नेणार होतं. मागे रुंद टायरं. मीच बसवलेली. वजन...?

नव्हतं केलं. हो. परत नव्हतं केलं.

त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. एकदम शांत झालं.

ठप.

पुढच्या डाव्या चाकाशी. मग मागे... ठप. आणि लगेच, जरा आतून... ठप.

त्यानं बॅटरी मारली. कोणी नाही. आवाज गाडीच्या मागून पलीकडे गेला. ठप... ठप. मग पुढे. ठप.

सहा. त्या गाडीला टायरं चार.

"ताई?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

गाडीखालच्या खडीत कोणीतरी हळूच गुडघे टेकले...

तो अनवाणी पळत माझ्या दारात आला. म्हणाला, "उद्या वजन करू." रात्रभर आम्ही दोघं ओट्यावर बसून होतो. तिचं नाव ना त्यानं काढलं, ना मी.

सकाळी गाडी काट्यावर घातली. कागद मुकादमाच्या हातात आला. ती टायरं एवढं वजन पेलणारी नव्हतीच.

त्या गाडीची जुनी जोडटायरं परत चढवायचं ठरलं. ती दुकानाच्या मागच्या खोलीत होती. खोलीला कुलूप. किल्ली एकच, आठवडाभर माझ्या कमरेला.

दार मीच उघडलं. चारही टायरं भिंतीला टेकलेली. काढताना मी प्रत्येकावर लिहून ठेवतो, हे आतलं, हे बाहेरचं. बाहेरच्या दोन्हींवर माझं अक्षर होतं, बाकी काही नाही.

आतल्या दोन्हींवर माझ्या अक्षराशेजारी... फुली.

मी बोट लावलं. खडू बोटाला आला.