गाडी कुणाची सांगू?

मोटार घ्यायची की नाही, हा प्रश्न राजाभाऊ वकिलांच्या घरी उरलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी, भर आषाढात, पत्नी उमाला कळा सुरू झाल्यावर ते तिला घेऊन पालीहून बैलगाडीनं रत्नागिरीच्या इस्पितळाकडे निघाले, आणि वाटेतल्या हातखंब्यापर्यंतच सगळं आटोपलं. मूल गेलं. उमा वाचली, एवढंच. आता तिला पुन्हा दिवस होते आणि पुन्हा आषाढच येत होता. प्रश्न होता तो मोटार कुठली घ्यायची याचा.

राजाभाऊंना साध्या गोष्टीचाही कीस पाडल्याशिवाय चैन पडत नसे. नवी मोटार घ्यावी तर ती मुंबईहून आगबोटीनं यायची, आणि आगबोटी आता चार-आठ दिवसांत बंद होणार त्या थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. भाड्याची घ्यावी तर ती गावात एकच, आणि तिचा ड्रायव्हर पाऊस लागला की खेडला आपल्या शेतावर पळायचा. उरली जुनी. रत्नागिरीतच मांडवीला राहणाऱ्या अप्पासाहेब फणसळकरांची काळी मोटार वर्षभर घरामागच्या मांगरात, छपराखाली उभी होती. अप्पासाहेब दुखणं घेऊन मुंबईला गेले, ते तिकडेच वारले. पण दुसऱ्यानं वापरलेली गाडी, तिला काय खोडी लागल्या असतील कोण जाणे, म्हणून राजाभाऊंचं मन घेईना. घरात येरझाऱ्या घालून त्यांनी उमाला वीट आणला.

शेवटी अप्पासाहेबांच्या पत्नीनं, यमुनाबाईंनी, तोड काढली. "एवढा घोळ कशाला? पावसाळाभर भाड्यानं न्या. पटली तर विकत घ्या. बाबल्यालाही न्या, तोच चालवायचा यांची गाडी. मला मेली ती डोळ्यांसमोर नको झालीय."

गाडी पालीत आली तेव्हा महिपत गुरव नारळ घेऊन रस्त्यातच उभा होता. गावात नवीन काही आलं की आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं, मग त्याला हात लावायचा, ही तिथली रीत.

"गाडी कुनाची सांगू द्येवाला?" महिपतनं विचारलं.

दुसरा कुणी असता तर 'माझी' म्हणून मोकळा झाला असता. पण वकीलसाहेबांना देवासमोर खोटं कसं चालणार? गाडी भाड्याची, आणि कागदोपत्री नाव अजून मूळ मालकाचंच. "अप्पासाहेब फणसळकर," ते म्हणाले.

महिपतला मांडवीची माणसं कुठली ठाऊक असायला! त्यानं खणखणीत आवाज लावला. "बा म्हाराजा, ह्या गाडीचा मालक अप्पासायेब फनसळकर. त्याला सुकरूप गाडीत बसव, सुकरूप घराला घेऊन ये, आनि त्याची पाठराखन कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. राजाभाऊही म्हणाले. बाबल्या तेवढा गाडीपासून दोन पावलं मागं सरला.

पहिले काही दिवस छान गेले. राजाभाऊ बाबल्याशेजारी पुढं बसून कोर्टात जात आणि संध्याकाळी परतत. मग परतताना गाडी मागून डाव्या अंगाला कलू लागली. लोहाराकडून स्प्रिंगचा पाटा बदलून घेतला. तरी कलायची ती कलायचीच, आता तर जातानाही.

एकदा पालीला उतरल्यावर राजाभाऊंनी मागच्या बाकावर हात ठेवून पाहिला. बाहेर पावसाचा गारठा होता. गादी एका जागी दबलेली होती आणि तेवढीच जागा ऊबदार होती.

"बाबल्या, मागं कुणाला बसवलं होतंस?"

"मी कुनाला बशवीत नाय, सायेब. आनि मागं वळून पन बगत नाय."

इंजिनाची ऊब असेल, असं राजाभाऊंनी मनाला समजावलं. इंजिन पुढं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ओटीवर चढले तर उमा दारात उभी. "अहो, तुमच्याबरोबरचे ते गृहस्थ बाहेरच का बसले? चहा टाकलाय मी त्यांचाही."

त्या दिवसापासून राजाभाऊंच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. उमाचे दिवस भरत आलेले, आणि न्यायचं तर ह्याच गाडीतून! त्यांनी महिपतला गाठलं, गाऱ्हाणं बदल म्हणून गळ घातली.

महिपतनं मान हलवली. "द्येवाला खोटा कसा सांगू? गाडी आदी तुमची करा. मग तुमचा नाव घेतो."

म्हणजे विकत घेणं आलं. दुसऱ्याच दिवशी कोर्टाला दांडी मारून ते मांडवीला गेले. यमुनाबाई प्रसन्न दिसत होत्या. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं.

"आता नाही विकायची," त्या म्हणाल्या. "भाड्यानंच राहू दे."

"तुम्हीच म्हणाला होतात, डोळ्यांसमोर नको म्हणून."

"तेव्हा हे नव्हते."

राजाभाऊंची नजर पुन्हा त्यांच्या कुंकवाकडे गेली.

"तुम्ही कोर्टात असता, तेव्हा बाबल्या गाडी इथं आणून लावतो. त्याच्या हातात नसतं म्हणे ते. हे आत येतात, घटकाभर बसतात, पुन्हा गाडीत जाऊन बसतात." त्यांनी पदर सारखा केला. "मोडू नका हो हे."

"मी गाडी आजच परत करतो."

"करा. उमाला मग कशानं नेणार?"

उठायला निघालेले राजाभाऊ पुन्हा खाली बसले.

"हे सांगत होते, परवा दुपारी निघावं लागेल. सगळं नीट होईल. जाताना मागं दोघं, येताना तिघं."

राजाभाऊंनी मनाशी मोजलं. ते स्वतः तर पुढंच बसणार. उमा. मूल. तिसरं कोण, ते विचारायची गरज नव्हती. साक्षीपुराव्याशिवाय सूर्य उगवल्याचंही मान्य न करणारा हा माणूस. पण त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला.

"मूल जिवंत असेल?"

"मुलगी आहे. तुम्ही फक्त गाडी यांचीच राहू द्या."

राजाभाऊ उठले.

बाहेर पाऊस कोसळत होता. बाबल्यानं हँडल मारून इंजिन चालू केलं होतं आणि तो नजर समोर लावून बसला होता.

राजाभाऊंनी मागचं दार उघडलं. छत्री दारावर नीट धरली आणि आपण भिजत बाजूला उभे राहिले, वडीलधारं माणूस चढेपर्यंत उभं राहावं तसे.

मग त्यांनी दार हलकेच लावलं आणि पुढं जाऊन बसले.

"सावकाश घे," ते बाबल्याला म्हणाले.