चार चाकांवर दोन दिवस

प्रतिक्षानं डाव्या पायातली चप्पल काढली आणि कारंज्याच्या कट्ट्यावर बसून टाच हातात धरली. पार्कात शिरून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. आई केव्हाच पुढे गेली होती — मोठ्या पाळण्याच्या दिशेनं, नव्या कोऱ्या बुटांत, मागे वळूनही न बघता.

खरं तर ही सहल आईचीच होती. मीनाबाई सोलापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिपाई होत्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि घरी आल्यावर त्या म्हणाल्या की आजवर दरवर्षी पोरांना सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं, आता एकदा मला कुणीतरी न्या. म्हणून डिसेंबरात प्रतिक्षानं सुट्टी टाकली आणि तुळजापूर रस्त्यावरच्या रानझुळूक पार्कात दोन दिवसांची खोली घेतली. तिच्या टाचेनं मात्र ही सुट्टी मंजूर केली नव्हती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती. बारा-बारा तास उभं राहून टाचेचा खालचा भाग सुजला होता. सकाळी पहिलं पाऊल टाकताना खिळा रुतल्यासारखं व्हायचं. दीड महिना चालणं कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे तिनं आईला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं सहल रद्द केली असती, आणि पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नसता.

"आता तरी गाडी घेता का?"

तिनं वर पाहिलं. पार्कचा निळा शर्ट घातलेला एक जण समोर उभा होता. मघाशी गेटजवळ बॅटरीच्या स्कूटर भाड्यानं देणाऱ्या टपरीत हाच बसला होता, आणि तेव्हाही त्यानं तिच्या चालीकडे बघून हेच विचारलं होतं. आता तो एक स्कूटर घेऊनच आला होता. चार बुटकी चाकं, हात टेकायला जागा असलेली खुर्ची, पुढं एक जाळीची टोपली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं — सोमशेखर.

ही म्हाताऱ्यांची गाडी आहे, असं ती म्हणाली. त्यानं वाद घातला नाही. फक्त म्हणाला की हिच्यात सकाळीच नवी बॅटरी टाकली आहे, कुणीतरी दोन चकरा मारून बघायला हवं, आणि त्याला टपरी सोडून फिरता येत नाही.

"सगळ्यांना असंच सांगता?"

"नाही. बाकीचे लोक बसा म्हटलं की बसतात."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग ती बसली. त्यानं खाली वाकून हँडलवरची गोल चकती दाखवली. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला सशाचं. नव्या माणसानं कासवावर ठेवायचं, असं तो सांगत होता. त्याचा हात बाजूला व्हायच्या आत तिनं चकती सशावर नेली आणि निघाली. ससा म्हणजे तरी काय — झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. पण पायाखालची ती कळ थांबली होती, गार वारा तोंडावर येत होता, आणि मागून त्याचं हसणं ऐकू येत होतं...

पाळण्यापाशी मीनाबाईंनी तिला पाहिलं. प्रतिक्षा याच क्षणाला घाबरत होती. आईनं तिच्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि किती दिवस दुखतंय एवढंच विचारलं. दोन महिने, असं उत्तर आलं. मग त्यांनी आपली पर्स आणि पाण्याची बाटली टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, "चल. घरी गेल्यावर बोलते तुला."

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग होडीच्या खेळापाशी रांग लागली होती. स्कूटरवाल्यांना बाजूच्या फाटकातून सोडत होते. प्रतिक्षा आत गेली, खुर्चीतून उठली आणि होडीकडे चार पावलं चालली. रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चालता येतंय की हिला."

तिचे कान तापले. होडीत ती हसली नाही. खाली उतरल्यावर आईला खायच्या गाड्यापाशी बसवून ती सरळ टपरीकडे गेली आणि सोमशेखरच्या पुढ्यात किल्ली ठेवली. काय झालं ते त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. सांगताना आवाज थोडा कापला, त्याचाच तिला जास्त राग आला.

सोमशेखरनं किल्ली उचलली नाही. त्यानं आतलं स्टूल बाहेर आणून तिला बसायला दिलं आणि आपण दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मग त्यानं सांगितलं ते असं. आधी तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. वडील वीरभद्रप्पा अक्कलकोटच्या बाजारात धान्याचा व्यापार करायचे. गावात त्यांच्या चालण्याचा रुबाब होता. गुडघे गेले तेव्हा त्यांनी काठीसुद्धा घेतली नाही. लोकांनी बघायला नको म्हणून बाहेर पडणंच बंद केलं. सोमशेखरनं जुन्या मोटारी, बॅटऱ्या जमवून त्यांच्यासाठी अशीच एक गाडी बनवली. चार महिने लागले.

"किती फिरले मग?" तिनं विचारलं.

"एकदाही नाही. गाडी दारात होती, ते आतल्या खोलीत होते. दोन वर्षं. मग... गेले." त्यानं किल्लीकडे बघितलं. "त्या बाईला काय वाटलं, ते ती संध्याकाळपर्यंत विसरेल. तुम्ही मात्र आजचा दिवस खोलीत बसून काढाल. तुमची आई पण बसेल तुमच्यासोबत."

तो हे समजावण्याच्या सुरात बोलत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. दवाखान्यात ती रोज माणसांना धीर द्यायची. धीर देणाऱ्याचा आवाज कसा असतो, ते तिला ठाऊक होतं. हा आवाज तसा नव्हता. तो फक्त घडलेलं सांगत होता.

तिनं किल्ली उचलली.

संध्याकाळी मीनाबाई तिसऱ्यांदा पाळण्यात बसल्या, तेव्हा सोमशेखरची पाळी संपली होती. तो खाली प्रतिक्षाच्या शेजारी उभा राहिला. उन्हं उतरली होती, माळावरून वाळलेल्या गवताचा वास येत होता. वरून आई हात हलवायची, की दोघंही हात हलवायचे. तुमच्या आई लई धीट आहेत, तो म्हणाला. मुलगी नाही का धीट, असं तिनं विचारलं. त्यानं स्कूटरच्या चकतीकडे बघितलं.

"मुलगी सशावर चालवते. म्हणजे असावी."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली होती. हे त्यानं सांगितलं नाही. निळा शर्ट नव्हता, त्यावरून तिनं ओळखलं. तो दिवसभर स्कूटरच्या बाजूनं चालत राहिला. दुपारी लिंबाखाली बसून त्याच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिघांनी खाल्ली. मीनाबाईंनी चटणी कुणी कुटली म्हणून विचारलं. आईनं, बसव्वानं, असं तो म्हणाला. घरी कानडी बोलता का, असं त्यांनी पुढं विचारलं. तो हो म्हणाला. मीनाबाईंनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. प्रतिक्षानं आईची ती मान ओळखली. आईनं घर ओळखलं होतं, जात ओळखली होती, आणि काही न बोलायचं ठरवलं होतं.

परतीच्या वेळी पार्कच्या पार टोकाला स्कूटर थांबली. सकाळपासून सशावर पळवल्यानं बॅटरी संपली होती. आता इथून पुढे चढ होता. मीनाबाई बॅगा आणायला खोलीवर गेल्या होत्या. प्रतिक्षा उतरू लागली तर त्यानं नको म्हटलं आणि मागून ढकलायला लागला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता.

"जड आहे ना?"

"गाडी जड आहे."

"आणि मी?"

"तुमच्याबद्दल मी काही बोललो का?"

चढ संपला. तरी तो ढकलत राहिला, आणि तिनंही थांब म्हटलं नाही.

सोलापुरात परतल्यावर आठवड्यानं त्याचा फोन आला. नवी पेठेत एक चप्पलवाला मऊ रबराच्या तळव्याच्या चपला करून देतो, पायाचं माप घ्यावं लागतं, रविवारी वेळ आहे का... वेळ होता. पहिल्या रविवारी माप दिलं. दुसऱ्या रविवारी चप्पल तयार नव्हती. तिसऱ्या रविवारी तयार होती, पण पट्टा सैल निघाला. चौथ्या रविवारी चपलेचं काहीच काम नव्हतं, तरी दोघं कापडदुकानांच्या गर्दीतून, रिक्षा चुकवत, सावकाश चालले. ती आता टाच पूर्ण टेकवत होती. तो तिच्या पावलांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता.

"आता तुम्हाला माझी गरज नाही," तो म्हणाला.

"चपलेसाठी नाही," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मीनाबाईंनी तिला समोर बसवलं. त्या रागावल्या नव्हत्या. पोरगा चांगला हाय, त्या म्हणाल्या, मला बी दिसतंय. पण त्यांचं घर निराळं, आपलं निराळं. शाळेत एकतीस वर्षं घंटा दिली, झाडू मारला, पण कुणाच्या दारात मान खाली घालून उभी राहिले न्हाय. तू बी राहायचं न्हाय.

"त्यानं आधी आपल्या आईला सांगावं. चोरून असलं काय बी मला नको. तिनं नको म्हटलं, तर तितंच थांबायचं."

प्रतिक्षानं हे शब्द जसेच्या तसे त्याला सांगितले. नवी पेठेच्या कोपऱ्यावर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. त्याला हेच सांगायचं होतं, पण धाडस होत नव्हतं, असं तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघून बोलला.

"माझं ठरलंय. पाळण्याखाली उभे होतो ना, तेव्हाच. तुम्ही आत्ता काही बोलू नका. मी घरी बोलतो, मग..."

त्यानंतर तीन आठवडे रविवार झाले नाहीत. एकदाच फोन आला. आईशी बोललो, तो म्हणाला, आई गप्प आहे. चुलते येऊन बसलेत, भाऊबंद काय म्हणतील ते सांगतायत. आई त्यांच्याशीही बोलत नाही, माझ्याशीही नाही. प्रतिक्षानं तू जेवलास का असं विचारलं, आणि आपण तू म्हणालो हे फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती ड्युटीवर जात राहिली. सलाईन लावत राहिली, ताप मोजत राहिली. टाच बरी झाली होती. बाकी काही बरं वाटत नव्हतं.

मग एका गुरुवारी, दुपारच्या वेळी, दारात सोमशेखर उभा दिसला आणि त्याच्यामागं इरकली लुगड्यातली एक उंच, सावळी बाई. बसव्वा अक्कलकोटहून एसटीनं आल्या होत्या. आत आल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं — बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. बघून झाल्यावर त्या सतरंजीवर बसल्या. मीनाबाईंनी पाण्याचं तांब्या-भांडं पुढं ठेवलं आणि त्या बसव्वांच्या हातांकडे बघत राहिल्या. बसव्वांनी भांडं भरून घेतलं, पूर्ण प्यायलं, आणि आणखी थोडं मागितलं. ऊन लई हाय, त्या म्हणाल्या. मीनाबाईंचे खांदे सैल झाले. त्या चहा ठेवायला उठल्या.

चहा झाला. मीनाबाई भांडी आत ठेवून येऊन बसल्या. बसव्वांनी सांगितलं की त्यांना मराठी नीट येत नाही, पण मनातलं सांगतील. घरचे अजून तयार नाहीत. चुलते बहुतेक लग्नाला येणार नाहीत. त्यांना स्वतःलाही पहिले आठ दिवस झोप लागली नव्हती. पण नवऱ्याला त्यांनी डोळ्यांदेखत आतल्या खोलीत सुकताना पाहिलं होतं, लोक काय म्हणतील या एका धास्तीपायी. पोराचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांचं नक्की झालं होतं.

मग त्यांनी प्रतिक्षाला जवळ बोलावलं. "इल्ली बा. हितं बस." त्यांनी तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला. "हा सगळं ह्याचंच सांगतो. मला हे पायजे, मला ते पायजे. तुझं काय ते मला म्हाईत न्हाय. तुला हा आवडतो का, ते सांग. नसंल तर मी आत्ता उठते, राग न्हाय."

खोलीत पंखा फिरत होता. सोमशेखर फरशीकडे बघत होता. प्रतिक्षाला वाटलं, इतकं सरळ आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"आवडतो," ती म्हणाली. आवाज लहान आला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, "लई आवडतो मला तो."

बसव्वांनी तिचा हात दोनदा थोपटला. सोमशेखरनं मान वर केली होती. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू खोलीत दुसरं कुणी नाहीच.

"मला हे कधी सांगितलं नाहीस," तो हळूच म्हणाला.

"तू विचारलंस कुठं?" तीही तितक्याच हळू म्हणाली. "बोलू नका म्हणालास, आणि गेलास."

"मग आता विचारू?"

"आता काय उपयोग... आईंना सांगून झालं की."

भरभर चाललेलं ते मराठी बसव्वांना नीट कळलं नाही. पोरं काय बोलतायत, असं त्यांनी शेजारी बसलेल्या मीनाबाईंना विचारलं.

"काय न्हाय," मीनाबाई म्हणाल्या. "आत्ताशी बोलायला लागल्यात."