भांडी धरा

कोरेगावच्या पुढं टेकडी कापून धैर्यशीलनं घर बांधलं, ते सगळं काँक्रीटचं. फौजेत बांधकामाच्या पलटणीत उमेदीची वर्षं घालवलेला गडी. विटेच्या भिंतीला तो भिंतच मानत नसे. स्वयंपाकघराची मागची भिंत तर त्यानं थेट कापलेल्या मातीला टेकवूनच ओतून घेतली. साच्याच्या फळ्या बांधल्या त्या आतल्याच अंगानं. पलीकडं बाजूच नव्हती, निव्वळ डोंगर.

घर झालं, पण त्याच्या बायकोचा, अंजनाचा, जीव काही तिथं रमेना. सांगलीहून तिच्या आईनं दिलेली भांड्यांची पितळी मांडणी अजून पोत्यात गुंडाळून पडवीत पडली होती. "ती भिंतीला लागंस्तवर मी पावणीच हाय इथं," ती म्हणे. एके दिवशी तिनं खरंच माहेरी जायची बॅग भरली. तेव्हा मात्र जेवण उरकून धैर्यशीलनं ड्रिल मशीन काढलं.

गावातल्या जुन्या घरी त्यांची आणि आकाराम चुलत्याची भिंत एकच होती. खिळा मारायचा तर आधी टकटक करून पलीकडं हाक घालायची, म्हणजे त्यांची फळीवरची भांडी खाली येत नसत. चुलत्याची हाक आली की अंजनाही हातातलं टाकून फळी धरायला धावायची. ती खोड दोघांच्या अंगात मुरलेली. मशीन लावण्याआधी धैर्यशीलनं भिंतीवर टकटक केलं आणि हाळी दिली, "भांडी धरा हो!"

"कुणाला सांगताय? मागं डोंगर हाय," अंजना हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच हसली.

तेवढ्यात भिंतीच्या आत भांडी उतरवून ठेवल्याचा आवाज झाला. एकेक, बेतानं. मग टकटक.

दोघांचंही हसू मावळलं. "मागं पोकळी राहिली असंल. खडे घरंगळत्यात," धैर्यशील म्हणाला, आणि ते स्वतःलाच पटवत त्यानं भोकं पाडली. भोकातून आलेली भुकटी ओलसर होती. तिला चुलीच्या धुराचा वास येत होता.

त्यानं लोखंडी बोल्ट ठोकले, नट आवळले, मांडणी चढवली आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. हलली नाही. अंजनानं ताटं, तांबे, डबे हौसेनं लावले आणि बॅग रिकामी केली.

मांडणीमागं हात जाईल एवढी फट होती. आठवडाभरात तिथं बोट शिरेना. धैर्यशील पाना घेऊन नट सैल करायला गेला, तर तो जेवढं सोडवी तेवढं पलीकडून कुणीतरी आवळी.

"उतरवतो मी ही."

"हात तर लावून बघा," अंजना म्हणाली. "लय दिवसांनी माझं घर लागलंय." तिच्या डोळ्यांत असा काही राग होता की त्यानं पाना खाली ठेवला.

दुपारची वेळ. ती कणीक मळत होती, तो दारात बसला होता. भिंतीवर टकटक झालं, आतून.

मग हाक आली. आवाज धैर्यशीलचा होता.

"भांडी धरा हो!"

अंजना सवयीनं उठली आणि तिनं दोन्ही हात मांडणीला लावले.

"हात काढ, अंजे," तो धावला.

भिंत घरघरली. भुकटीनं सगळं पांढरं झालं.

धुरळा बसला तेव्हा एकही भांडं पडलेलं नव्हतं. मांडणी भिंतीला सपाट चिकटली होती. पितळेवर कणकेची बोटं उमटली होती. अंजना नव्हती. दार एकच, आणि त्या दारातून आलेला तो.

त्यानं भिंतीला कान लावला. पलीकडं बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी निवांत भांडी लावत होतं. त्यानं हाका मारल्या, मुठी आपटल्या, शेवटी मशीन उचलून भिंतीला भिडवलं.

आतून टकटक झालं. आवाज अंजनाचाच होता, पण शेजारणीचा असावा तसा, मर्यादेचा.

"आवं भावजी, जरा हळू. आमची भांडी पडत्यात."